हाडंही धातू, ऑक्सिजनही धातू

"मामा, गम् वितळतो का रे?"

भाची दहावीला आहे. जेवणाच्या टेबलावर तिच्या एका हाताला विज्ञानाचं पुस्तक होतं, त्यात 'धातुविज्ञान' हा धडा उघडलेला. दुसऱ्या हाताला संस्कृतची वही, त्यात गम्, पठ्, लिख् या धातूंची रूपं. सोनं धातू, शिसं धातू आणि गम् पण धातू. एकाच शब्दाला किती कामाला जुंपायचं, असा तिचा सवाल होता. मी भात कालवता कालवता ठोकून दिलं, की ते दोन वेगळे शब्द असणार, योगायोगानं सारखे दिसतात. रात्री कोश उघडला तेव्हा कळलं, की मी साफ चुकलो होतो. शब्द एकच आहे. आणि धातू म्हणजे लोखंड-तांबं हा त्याचा मूळ अर्थ नाहीच.

संस्कृतात 'धा' म्हणजे ठेवणं, मांडणं. विधान, निधान, समाधान, संधी, निधी ही सगळी त्याचीच पोरंबाळं. श्रद्धेतला 'धा'सुद्धा तोच. त्याला 'तु' हा प्रत्यय लागला की धातु. 'तन्' म्हणजे ताणणं, त्यापासून ताणला जातो तो तंतू. तसा 'धा'पासून मांडला जातो तो धातू. थर म्हणा, घटक म्हणा. ऋग्वेदात 'त्रिधातु' असा शब्द येतो, त्याचा अर्थ तिपेडी, तिहेरी. तिथं तीन धातूंचा संबंध नाही.

घटक हा अर्थ एकदा हाती आला की बाकीचं आपोआप उलगडतं. वैयाकरणांनी शब्द सोलले. प्रत्यय बाजूला केले, उपसर्ग बाजूला केले आणि खाली जो गाभा उरला त्याला धातू म्हटलं. पाणिनीच्या परंपरेतल्या धातुपाठात असे सुमारे २००० गाभे आहेत. वैद्यांनी शरीर सोललं आणि त्यांना रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हे सात धातू सापडले. डोंगर फोडणाऱ्यांनी खडकातून जे वेगळं काढलं तेही धातू, मग तो गेरू असो नाही तर तांबं. मेघदूतातला यक्ष शिळेवर प्रियेचं चित्र 'धातुरागां'नी काढतो. तिथं त्याच्या हातात तांबडी माती आहे, धातूचा पत्रा नव्हे.

गंमत अशी, की आमच्या कोल्हापुरात जिथं दिवसरात्र धातूचंच काम चालतं तिथं हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो. शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीतून लाल रस साच्यात ओतताना कामगार 'मेटल' म्हणतो, थंड झाल्यावर त्याला 'बीड' म्हणतो. हुपरीला पैंजणाची कडी जोडणारा चांदी म्हणतो. भंगारवाला किलोवर जे घेतो तो नुसता 'माल'. धातू हा शब्द रस्त्यावर भेटतो तो फक्त भिंतींवर: 'धातू जाणे, अशक्तपणा, हमखास इलाज'. हा सातवा, शुक्र नावाचा धातू. लघवीवाटे तो वाहून जातोय आणि आपण खंगतोय, या धास्तीनं आजही तरुण पोरं दवाखान्यात येतात. लघवी गढूळ दिसायला बहुतेक वेळा फॉस्फेटसारखं साधं कारण असतं. धास्ती मात्र खरी असते. या तक्रारीला १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं आणि मनोविकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ते पोचलं. एका जुन्या शब्दाला शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडं जावं लागलं.

पण या शब्दाला खरे पाय फुटले ते बौद्धांमुळं.

मज्झिम निकाय या बौद्धांच्या पाली ग्रंथात धातुविभंग नावाचं सुत्त, म्हणजे बुद्धांचं प्रवचन आहे. राजगृहात बुद्ध रात्रीपुरते एका कुंभाराच्या कोठीत उतरतात. तिथं आधीच एक तरुण भिक्खू मुक्कामाला आलेला असतो, पुक्कुसाती त्याचं नाव. त्यानं बुद्धांच्या नावानंच घर सोडलंय, पण समोर बसलेत ते कोण हे त्याला ठाऊक नाही. बुद्ध त्याला सांगतात, की माणूस म्हणजे सहा धातू: पठवी, आपो, तेजो, वायो, आकास आणि विञ्ञाण, म्हणजे जाणीव. पठवी म्हणजे पृथ्वी, शरीरातला जो जो टणक भाग तो. केस, नखं, दात, त्वचा, मांस, हाडं अशी यादीच येते. देह एकसंध वाटतो खरा, पण उकलला की घटक हाती येतात, 'मी' कुठं सापडत नाही, असा त्या उकलण्याचा रोख.

याच सुत्तात पुढं एक सोनार येतो. तो शेगडी पेटवतो, 'सण्डासेन जातरूपं गहेत्वा' म्हणजे चिमट्यात सोनं धरून आगीत घालतो, मधूनमधून फुंकर मारतो, मधूनमधून पाणी शिंपडतो आणि मधूनमधून नुसता बघत राहतो. आमच्या कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, एखाद्या जुन्या सोनाराच्या पेढीवर थोडा वेळ बसलात तर हे तिन्ही प्रकार आजही दिसतील, विशेषतः तिसरा. 'सण्डास' वाचून हसू येईल, पण ती आपली स्वयंपाकघरातली सांडशी आहे. मला मात्र वेगळ्याच गोष्टीची मौज वाटते. शरीरातल्या हाडाकेसांना या सुत्तात धातू म्हटलंय आणि सोनाराच्या हातातल्या सोन्याला 'जातरूप'. आपल्या शाळेच्या बरोब्बर उलटं.

हाडं, दात, केस हे शब्द लक्षात ठेवा, कारण पुढं बौद्ध जगात ज्यांच्यावर स्तूप उभे राहिले ते हेच. बुद्धांच्या दहनानंतर मागं राहिलेल्या अस्थींचे द्रोण नावाच्या ब्राह्मणानं आठ वाटे केले, ही कथा महापरिनिब्बान सुत्तात आहे. तिथं अस्थींना शब्द आहे 'सरीर'. १८९८ मध्ये उत्तर प्रदेशात, नेपाळच्या सीमेजवळ पिप्रहवा इथं पेप्पे नावाच्या जमीनदारानं एक टेकाड खणलं, तेव्हा सापडलेल्या कुपीवर कोरलं होतं: 'सलिलनिधने बुधस भगवते'. सलिल म्हणजे पाणी नव्हे. पूर्वेकडच्या बोलीत 'र'चा 'ल' व्हायचा, त्यामुळं सरीरचं सलिल झालं. आणि निधन म्हणजे मृत्यू नव्हे, तर निधान, ठेवण्याची जागा. म्हणजे आपला 'धा' तिथंही आहे, फक्त अजून ठेवण्याच्या कामावर आहे, ठेवलेल्या वस्तूचं नाव झालेला नाही. पुढच्या पाली ग्रंथांत, विशेषतः श्रीलंकेत रचलेल्या ग्रंथांत, 'धातू' हाच अवशेषाचा रुळलेला शब्द झाला. देह विरून गेला, घटक उरले. त्यांना दुसरं काय म्हणणार?

अशीच एक पेटी कोल्हापुरातही निघाली, हे आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या एका जुन्या स्तूपाच्या जागी दगडी अवशेषपेटी सापडली. तिच्यावर ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे: 'बम्हस दानं धमगुतेन कारितं'. बम्हाचं दान, धमगुतानं करवलेलं. बस, इतकंच. अक्षरांच्या वळणावरून ती इसवी सनापूर्वीची ठरते. ओळ पुन्हा एकदा जिभेवर घोळवून बघा. 'ब्रह्म'चं बम्ह झालंय, त्याच वाटेनं पुढं ब्राह्मणाचा बामण झाला. धमगुत म्हणजे धम्मगुत्त, संस्कृतात धर्मगुप्त. त्या काळच्या ब्राह्मीत जोडाक्षरातलं दुहेरी व्यंजन एकदाच लिहायची रीत होती. 'दान' जसंच्या तसं आहे. राजाचं नाव नाही, वर्ष नाही, कुणाचे अवशेष तेही नाही. ज्यानं खर्च केला आणि ज्यानं काम करवून घेतलं त्या दोघांची नावं तेवढी आहेत. देवळाच्या फरशीवर देणगीदारांची नावं बघतो तशीच.

पेटीत पेटी कशी ठेवायचे ते सोपाऱ्याला नीट बघायला मिळालं. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा 'बुरूड राजाचा कोट' उकरला. आत भली मोठी दगडी पेटी, तिच्यात तांब्याची कुपी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि सगळ्यांत आत सोन्याची. सोन्याच्या कुपीत काय होतं? मातीच्या भांड्याचे तुकडे, खापऱ्या. बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. बौद्ध परंपरेत धातूंचे तीन प्रकार मानतात: शरीराचे ते शारीरिक, वापरातल्या वस्तूंचे ते पारिभोगिक आणि मूर्तीसारखे स्मरणाचे ते उद्देशिक. सोपाऱ्याच्या खापऱ्या दुसऱ्या प्रकारात बसतात. म्हणजे त्या डब्यात आपल्या भाषेतले धातू बाहेर होते आणि बौद्धांचा धातू आत होता, आणि तो मातीचा होता.

इथून शब्द समुद्र ओलांडतो. सिंहलीत ध-भ यांच्यातला महाप्राण, म्हणजे ह-कार, गळाला, दोन स्वरांमधला 'त' झिजला आणि धातूचं नुसतं 'दा' उरलं. बुद्धांचा दात जिथं आहे असं मानतात ते कँडीचं 'दळदा माळिगाव'. त्यातला दळदा म्हणजे पालीतला 'दाठाधातु'. दाठा ही आपली दाढ. आणि 'धातुगब्भ'चं झालं दागब. गब्भ म्हणजे गर्भ, त्यापासूनच आपला गाभा आणि गाभारा. दागब म्हणजे धातूचा गाभारा, अर्थात स्तूप. इंग्रजांनी ते 'दागोबा' असं लिहिलं आणि पुढं कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांतल्या स्तूपांनाही हेच नाव लावलं. लहानपणी सहलीत मी ते ऐकलं तेव्हा खंडोबा, विठोबा आणि आमच्या जोतिबाच्या घराण्यातला कुणी देव असणार, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

दोन स्वरांमधला 'त' गळणं हे काही सिंहलींचंच वैशिष्ट्य नाही. भ्राता, मग भाता, मग भाऊ: आपणही तेच केलं. मग धातूचं मराठीत काय झालं असेल? नियमानं 'धाऊ' व्हायला हवं. आणि झालंच होतं! जुन्या कोशांत धाऊ किंवा धाव आहे, अर्थ मऊ तांबडा दगड. त्यावरूनच सह्याद्रीत लोखंड गाळणाऱ्या जमातीला 'धावड' म्हणायचे. नेपाळीत अजूनही धाउ म्हणजे खनिज. प्राकृतातल्या एकाच धाउचा एक वंशज श्रीलंकेत बुद्धाच्या दाताला चिकटला, दुसरा आमच्या डोंगरात भट्टीपाशी बसला. भट्ट्या विझल्या, धाऊ विसरली आणि शाळांसाठी आपण संस्कृतातून नवाकोरा 'धातू' उचलून आणला. तत्सम शब्दांचं असं बऱ्याचदा होतं. घरचा माणूस ओळखू येत नाही आणि पाहुण्याला पाटावर बसवतो.

पॅगोडा हा शब्द दागोबाची अक्षरं उलटीपालटी होऊन आला, असं पुष्कळदा सांगतात. ऐकायला झकास वाटतं, पण नक्की नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात 'पागोद' म्हणायला सुरुवात केली. ते फारसी 'बुतकदा'वरून असेल, 'भगवती'वरून असेल, असेही कौल आहेत. बुतकद्यातला 'बुत' हा स्वतः बुद्धाचाच अपभ्रंश, त्यामुळं कुठूनही गेलं तरी आपण त्याच परिसरात फिरतो. दक्षिणेत युरोपीय व्यापारी आपल्या होनालाही 'पॅगोडा' म्हणत. म्हणजे एका नावानं देऊळही झालं आणि नाणंही.

पूर्वेकडं मात्र वाट स्वच्छ आहे. थायी लोक लिहिताना धातु असंच लिहितात, पण उच्चार करतात 'थात'. 'ध'चा थ होतो आणि शेवटचा उकार मुका. चियांग माईजवळच्या डोंगरावरचं प्रसिद्ध मंदिर 'फ्रा थात दोई सुथेप', लाओसच्या राष्ट्रचिन्हावरचा सोनेरी स्तूप 'थात लुआंग'. तिथं थात म्हणजे अवशेष आणि अवशेषांवरचा स्तूपही. आणि हेच थायी लोक शाळेत आवर्तसारणीला 'तारांग थात' म्हणतात. धातूंचा तक्ता! त्यांनी रसायनशास्त्रातल्या मूलद्रव्याला धातू हा शब्द दिला; पृथ्वी, आप, तेज, वायू हे धातू होतेच, त्यांच्या जागी हायड्रोजन, हेलियम बसवले. त्यामुळं बँकॉकमध्ये ११८ च्या ११८ मूलद्रव्यं धातू आहेत, ऑक्सिजनसकट. कोल्हापुरात ऑक्सिजन अधातू लिहिला नाही तर मार्क जातात. माझं मत विचाराल तर शब्दाच्या मूळ अर्थाशी थायी पुस्तक जास्त इमानदार आहे. 'मूलद्रव्य' असा बोजड शब्द घडवण्याआधी आपल्याकडं तयार शब्द होता. तो आपण धातूच्या भांड्यांत अडकवून टाकला.

ब्रह्मदेशात तर या शब्दानं कहर केलाय. तिथं तो 'दात्' होतो. अवशेष दात्, मूलतत्त्व दात्, आणि वीज वगैरे जी कुठली अदृश्य शक्ती असेल तीही दात्. रसायनशास्त्राला बर्मी नाव 'धातुवेद', पेट्रोलला 'दात्-सी' म्हणजे धातूचं तेल आणि फोटोला 'दात्-पोन' म्हणजे धातूचं चित्र. रंगूनच्या श्वेडगॉनमध्ये बुद्धांचे केस आहेत अशी श्रद्धा आहे. तिथं सेल्फी काढणारा भाविक एकाच ठिकाणी दात् पुजतो, दात् काढतो आणि घरी जाताना गाडीत दात्-सी भरतो.

तिबेट आणि चीननं शब्द उसना न घेता भाषांतराचा मार्ग धरला, आणि भाषांतर करायचं म्हटलं की निवड करावी लागते. कामधातू, रूपधातू, अरूपधातू या बौद्धांच्या तीन जगांच्या नावांतल्या धातूसाठी चिनी पंडितांनी 'चिए' हे अक्षर निवडलं, म्हणजे सीमा, क्षेत्र. तिबेटींनी 'खम्' असा शब्द घेतला, त्यात घटकही येतो आणि प्रदेशही. अवशेषांसाठी चिनी लोक जुन्या 'शरीर'कडं गेले आणि त्याचं केलं 'शली'. म्हणजे आपल्याकडं एका शब्दानं जे सांभाळलं ते तिकडं दोघांत वाटून गेलं.

शली जपानला पोचून झाली 'शारी'. आणि आज जपानमध्ये सुशी करणाऱ्याला शारी म्हणजे काय विचारा: सुशीखालचा व्हिनेगर घातलेला भात! पांढरेशुभ्र बारीक दाणे अवशेषांच्या कणांसारखे दिसतात म्हणून, असं एक कारण सांगतात. दुसरं असं, की संस्कृतात 'शालि' म्हणजे भात, आणि शरीर नि शालि यांची चिनी-जपानी उच्चारात गल्लत झाली. ही शालि आपल्याला परकी नाही. मराठीत तिची 'साळ' झाली, आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळात ती अजून शिजते आहे.

हे सगळं दुसऱ्या दिवशी रात्री भाचीला सांगत होतो तेव्हा ताटात योगायोगानं घनसाळच होता. तिनं एक शीत बोटावर उचलून दिव्याकडं धरलं. "म्हणजे जपानमध्ये ह्याला बुद्धाचा अवशेष म्हणतात?"

"शब्द तोच आहे," मी म्हटलं.

"आणि थायलंडात मी ऑक्सिजनला धातू लिहिलं तर पूर्ण मार्क?"

"पूर्ण."

स्वयंपाकघरातून आक्काचा आवाज आला. "आधी ताटातले अवशेष संपवा दोघं. मला झाकपाक करायची हाय."